चमचा तो, सुरी ती, ताट ते

प्रश्न : मी साताऱ्याला जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. नर्स म्हणून जर्मनीला जायचंय. दोन महिन्यांत मोबाइलवर पाचशे शब्द पाठ केले, पण एक वाक्य धड जुळत नाही. डेर-डी-दासचा तर धसकाच घेतलाय. त्यात माझं इंग्रजी कच्चं. जमेल का?

उत्तर : इंग्रजीची काळजी सोड. जर्मन शिकताना तू मनात आधी इंग्रजी करतेस आणि तिथेच अडतेस, असं मला वाटतं. इंग्रजीत सगळ्याला एकच 'द'. आपल्याकडे मात्र चमचा तो, सुरी ती, ताट ते. जर्मनमध्येही तसंच, पुल्लिंगाला 'डेर', स्त्रीलिंगाला 'डी', नपुंसकलिंगाला 'दास' : चमचा 'डेर ल्योफेल', काटा 'डी गाबेल', सुरी 'दास मेसर'. फक्त लिंगं आपल्याशी जुळतील या भरवशावर राहू नकोस. तिथे सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी, म्हणजे 'मेडशेन', चक्क नपुंसकलिंगी, कारण 'शेन' प्रत्यय लागला की शब्द 'दास' होतो. (आपणही 'ते पोर' म्हणतोच की!) 'उंग', 'हाइट', 'काइट' हे प्रत्यय दिसले की बिनधास्त 'डी'.

तेव्हा वही काढ, तीन रंगांची पेनं घे आणि ते पाचशे शब्द डेर-डी-दाससकट पुन्हा लिही. कंटाळा येईल, पण विभक्तीचं सगळं गणित यावर आहे. द्वितीयेत एकवचनात फक्त पुल्लिंगी 'डेर'चा 'डेन' होतो, बाकी दोन तसेच राहतात. 'आइन' म्हणजे 'एक', त्याचंही तसंच. म्हणून भाऊ असेल तर 'इश हाबे आइनेन ब्रुडर', बहीण असेल तर 'आइने श्वेस्टर'. शब्दाचं लिंगच माहीत नसेल तर वाक्य जुळणार कसं?

बाकी मराठी बरीच कामाला येते. 'दास गेफेल्ट मीर' म्हणजे 'मला ते आवडतं'. 'मीर' ही सरळ आपली चतुर्थी. 'वाइल इश म्यूडे बिन', कारण मी दमलेली आहे : क्रियापद शेवटी. साध्या वाक्यात मात्र ते दुसऱ्या जागी येतं, 'हॉयटे लेर्ने इश डॉइच', तिथे मराठी विसर. 45 म्हणजे पाच-आणि-चाळीस, आपल्या पंचेचाळीससारखं. इंग्रजीच्या सवयीने ऐकलं तर कागदावर 54 उतरतं, आणि तुझ्या कामात ते परवडणारं नाही.

ए-वन या पहिल्या पातळीची शब्दयादी साधारण 650 शब्दांची आहे, म्हणजे शब्दांत तू मागे नाहीसच. परीक्षेत शंभरपैकी 60 मिळाले की पास. नर्सिंगसाठी साधारणपणे बी-टू ही चौथी पातळी लागते आणि तिथवर पोचायला 45 मिनिटांचे 600 ते 800 तास धरतात. 'सहा महिन्यांत बी-टू'वाल्या क्लासचे पैसे भरण्याआधी हा हिशेब आपल्या ड्युटीच्या वेळापत्रकाशेजारी मांडून बघ. मी तुझ्या जागी दीड वर्ष धरलं असतं.

पुढच्या पत्रात वॉर्डमधल्या वस्तूंवर दहा जर्मन वाक्यं लिहून पाठव. चुकली तरी चालतील, पण डेर-डी-दास गाळू नकोस.