फी पाच वर्षांची, हिशेब आठ वर्षांचा

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. मुलगी सांगलीत बारावी कॉमर्स झाली आणि वकीलच व्हायचं म्हणते. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात सीट मिळतेय, वर्षाला सव्वाचार लाख फी, वर होस्टेल-मेसचे एक लाख साठ हजार. क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, रँकवर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ कदाचित लागेल. आणि सीईटीतून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, पुण्यातलं एक जुनं अनुदानित कॉलेज मिळतंय, तिथे रूम-मेस धरून वर्षाला पावणेदोन लाखांत भागतं. मिस्टर म्हणतात वीस लाख कर्ज काढू, पण इमारत बघण्यासारखी असलेल्या ठिकाणीच घालू.

मी एकवीस वर्षं वकिली करतेय, कराडला आणि गरज पडली की साताऱ्याला. मत आधीच सांगते, मग कारणं. तिला कोर्टात उभं राहायचं असेल तर ते खासगी विद्यापीठ यादीतून काढा.

सगळे फी मोजतात ती पाच वर्षांची. वकिलीत खरा खर्च सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर सुरू होतो. मला पहिल्या सिनियरनी महिन्याला दीड हजार दिले, तेही सहा महिने फुकट काम केल्यावर. एसटीचा पास, काळा कोट, पांढऱ्या साड्या, झेरॉक्स यातच ते जायचे, आणि घरचे विचारायचे, 'अगं, एवढं शिकलीस, मग पगार कधी?' आता परिस्थिती जरा बरी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बार रूममध्ये ते मोठ्याने वाचलं गेलं, सगळे हसले आणि आपापल्या तारखांना गेले. म्हणून तिसरं वर्ष उलटेपर्यंत पोरीला घरून पैसे पाठवावे लागतील असं धरूनच चाला. महिना पंधरा हजार धरले तरी तीन वर्षांचे पाच लाख चाळीस हजार होतात.

आता ते कर्ज यात बसवून बघा. दरवर्षी चार लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के, हप्ता पदवीनंतर वर्षभराने सुरू. तोपर्यंत साधं व्याजच आठ लाखांच्या पुढे जातं. मग अठ्ठावीस लाखांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना अडतीस हजारांच्या आसपास. कागदावरच्या त्या वीस हजारांच्या जवळजवळ दुप्पट! अशी मुलगी ज्युनिअरशिप करूच शकत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलाचं हेच झालं. हुशार पोरगा, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धांत, बक्षिसं, फौजदारी करायची हौस. हप्ता सुरू झाला आणि तो एका कंपनीत करारनामे तपासायला बसला. नोकरी वाईट नाही, पण ती करण्यासाठी तीस लाख घालायची गरज नव्हती.

मोठी फी वसूल होते असा एकच दरवाजा आहे, मुंबई-दिल्लीतल्या बड्या लॉ फर्म. तिथे पहिल्या वर्षापासून पंधरा-वीस लाखांच्या घरात पगार मिळतो, हे खरं. पण त्या फर्म आधी जातात जुन्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, म्हणजे बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता अशा ठिकाणी. बंगळुरूची पहिली बॅच १९८८ ची. तिथून बाहेर पडलेली मुलं आज त्याच फर्ममध्ये भागीदार आहेत, ती आपल्या कॉलेजातून पोरं उचलतात. आपल्याकडे मुंबईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१४ ला स्थापन झालं आणि वर्ग २०१५ ला सुरू झाले, नागपूरचं सुरू झालं २०१६ ला, संभाजीनगरचं २०१७ ला. त्यांचे माजी विद्यार्थी अजून ज्युनिअरच आहेत. तरीही नागपूर लागलं तर मी विचार करीन. महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी वेगळ्या जागा असतात, ग्रंथालय चांगलं, आणि शेजारी बसणारी मुलं परीक्षा देऊन आलेली. मुलीला कॉर्पोरेटच करायचं असेल तर हाच पर्याय पहिला ठेवा.

खासगीवाल्यांच्या होर्डिंगवर 'हायेस्ट पॅकेज' असतं. तो एका मुलाचा आकडा असतो, आणि त्याचे काका कुठे असतात हे होर्डिंगवर नसतं. ॲडमिशन ऑफिसला तीन गोष्टी लेखी विचारा: मागच्या बॅचमध्ये किती मुलं होती, किती प्लेसमेंटला बसली, आणि पगाराप्रमाणे रांगेत उभी केली तर मधोमध उभ्या असलेल्याला किती मिळाले. 'मॅडम, एकदा कॅम्पसला व्हिजिट द्या' असं उत्तर आलं तर समजून जा. पाच वर्षांपूर्वी पास झालेली पंधरा-वीस मुलं लिंक्डइनवर शोधा आणि आज कुठे आहेत ते बघा. हे काम मुलीलाच करू द्या.

आता तुमच्या सांगलीचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापूरला बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. अपिलासाठी पक्षकाराला रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची. तिथला वकील, तिथली फी, तारीख पुढे गेली की परत तीच रात्र. ते आता थांबलं. पाच वर्षांनी तुमची मुलगी बाहेर पडेल तेव्हा हायकोर्टाचं काम करायला तिला मुंबईत भाड्याची खोली लागणार नाही. घरून तासा-दीड तासावर कोर्ट असेल. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या भागातल्या नव्या वकिलाला अशी संधी मिळाली नव्हती.

आणि या भागात काम चालतं ते जमिनीचं. वाटपाचे दावे, कुळकायदा, वहिवाट, मृत्युपत्र. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचता आला नाही तर पदवी कुठलीही असो, पक्षकार दुसऱ्या टेबलाकडे जातो. खालच्या कोर्टात दावा आणि त्यावरचं उत्तर, म्हणजे कैफियत, मराठीत असते. काचेच्या इमारतीतून पास झालेली एक हुशार मुलगी माझ्याकडे आली होती. इंग्रजी अस्खलित, पण 'सामाईक अविभक्त हिस्सा' म्हणजे काय ते तिला कळेना. शिकली, पण वर्ष गेलं. जुन्या अनुदानित कॉलेजात शेजारी बारामतीचा, परभणीचा मुलगा बसतो, सिनियरचे पत्ते आपसांत फिरतात, आणि दुपारी शिवाजीनगर कोर्टात जाऊन बसता येतं.

तिला पुण्याऐवजी मुंबई चालणार असेल तर सीईटीच्या फॉर्ममध्ये चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय सगळ्यात वर टाका. १८५५ पासूनचं कॉलेज, फी काही हजारांत, आणि हायकोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर. राहण्याचा खर्च मात्र अंगावर येतो. बाकी मार्कांचं बघा, तिथे कट-ऑफ चढा असतो.

न्यायाधीश व्हायचं म्हणत असेल तर एक लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे त्या वाटेवरही बिनपगारी वर्षं आलीच.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आत्ताच बघा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा, ऐन ॲडमिशनला रांग असते. सनदीसाठी कुणी भरमसाट फी सांगितली तर घाबरू नका, जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० रुपयांच्या वर नोंदणी फी घेता येत नाही.

आणखी एक वाट आहे, ती तुम्ही विचारली नाही. सांगलीतच बीकॉम करून मग तीन वर्षांचं एलएलबी. मी तेच केलं. एक वर्ष जास्त जातं, पण निर्णय सतराव्या वर्षी घ्यावा लागत नाही, आणि हिशेबाचं ज्ञान चेक न वटल्याच्या केसेसमध्ये कामाला येतं.

पैसे भरायच्या आधी एक करा. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मुलीला दोन-तीन दिवस सकाळी अकराला नेऊन सोडा. खटले खुल्या कोर्टात चालतात, मागच्या बाकावर बसायला कुणी अडवत नाही. उलटतपास चालू असेल त्या कोर्टात बस म्हणावं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून निघाली तर सीईटीचा फॉर्म भरा. कंटाळून फोनमध्ये डोकं घातलं तर मला परत विचारा, मग आपण कंपनी सेक्रेटरीचं बोलू.