‘आपन गरीब आहो म्हनून असं करतो काय?’

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो, कोरडवाहू शेती आहे. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी यंदा पहिलीत. सासूबाई काहीच वाया जाऊ देत नाहीत. भांड्यांचं पाणी पपईला, जुन्या लुगड्यांची वाकळ, किराण्याच्या पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या) धुऊन पुन्हा वापरायच्या. स्वयंपाक बराचसा चुलीवर, पऱ्हाटी-तुराटीवर (कापसाच्या, तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर). उन्हाळ्यात मुलं नागपूरला मामाकडे राहून आली आणि मुलानं आजीसमोरच विचारलं, “आई, आपन गरीब आहो म्हनून असं करतो काय?” मला उत्तर सुचलं नाही. मुलगी शाळेत ‘पाणी वाचवा’ शिकली. सगळ्यांना नळ बंद करायला लावते आणि स्वतः बादली अंगणात सांडते. यांना समजवायचं कसं?
— एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मुलाला खरं उत्तर द्या. “नाही रे, आपण निसर्ग जपतो,” असं म्हणून त्याला गप्प करू नका. कापसाचे पैसे आले की घरात काय येतं आणि पावसानं दगा दिला की काय थांबतं, हे तो पाहतोच. त्याला सांगा, काही गोष्टी आपण पैसे नाहीत म्हणून करतो आणि काही पैसे असते तरी केल्या असत्या. मग दोघं मिळून एकेक गोष्ट या दोन बाजूंमध्ये वाटा.

पपईचं पाणी दुसऱ्या बाजूला जाईल. वैशाखात विहीर तळाला गेली की पैसेवाल्याचीही जाते. वाकळही तिकडेच. चूल मात्र पहिल्या बाजूला ठेवा. पऱ्हाटीसाठी झाड तोडावं लागत नाही हे खरं, पण धूर तुमच्या आणि सासूबाईंच्या छातीत जातो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गावोगाव गॅसची जोडणी आली, तरी सिलिंडर पुन्हा भरायला हाती रोकड लागते. ती नसते म्हणून चूल पेटते. जुनं ते सगळं चांगलं असं शिकवलंत, तर मुलगा उद्या तुमच्या खोकल्याकडे बोट दाखवेल आणि त्याचंच बरोबर असेल.

हे बोलणं सासूबाईंसमोरच होऊ द्या. प्रश्न त्यांच्या कानावर पडला आहे, मनाला लागलाही असेल. १९७२च्या दुष्काळात घरी काय शिजत होतं, मिलोची, म्हणजे तेव्हा रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीची, भाकर खाल्ली होती काय, हे नातवानं त्यांना विचारावं. वस्तू जपण्यामागची कारणं तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहेत. ती त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

मामाच्या घराला नावं ठेवू नका. माणसं चांगली-वाईट ठरवायला मुलं फार लवकर शिकतात. त्याऐवजी त्याला विजेचा हिशेब द्या. आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरला कोळसा जाळून वीज होते. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की मीटरवर एक युनिट पडतं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब १७ तासांच्या आतच एक युनिट संपवतो, ९ वॅटचा एलईडी त्याच एका युनिटात सुमारे १११ तास चालतो. हा भागाकार त्यालाच करू द्या. कूलर लागला की रात्री आणि सकाळी मीटरचा आकडाही त्यानंच लिहावा.

लहानीची गोष्ट वेगळी आहे. ती लबाडी करत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवताना मी ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग मुलांबरोबर करत असे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि मुलांकडून ते सारखं असल्याचं वदवून घ्यायचं. मग त्यांच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद बाटलीत ओतायचं. बरीच लहान मुलं ठामपणे सांगत, बाटलीत जास्त आहे. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास हे उमगायला लागतं. तिला ‘दहा लिटर वाचले’ म्हणून काय कळणार? ‘पाणी वाचवा’ हा तिच्यासाठी बाईंनी सांगितलेला नियम आहे, चपला वर्गाबाहेर काढण्यासारखा. तो दुसऱ्यानं मोडला की तिला दिसतो. अंगणात सांडलेल्या पाण्याशी त्याचा संबंध तिनं अजून जोडलेला नाही.

तिला खेळायला आणि झाडाला घालायला एक छोटी कळशी द्या. सकाळी भरायची, रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. पिण्याचं पाणी मात्र कधीच मोजू नका. रागावू नका आणि पुढच्या पिढीचं तर अजिबात बोलू नका. कळशीचा तळ दिसतो, पुढची पिढी दिसत नाही.

दोघांना मिळून करता येईल असं एक काम सांगते. मृगाचा पाऊस पडला की उकिरड्याच्या कडेला पळसाच्या पानाची एक पत्रावळ आणि एक पन्नी शेजारी शेजारी पुरा, खूण म्हणून काडी रोवा. दिवाळीत उकरा. पत्रावळीची माती होत आलेली असेल, पन्नी झटकून पुन्हा वापरता येईल. तीच पन्नी ढोरानं उष्ट्या अन्नासोबत गिळली तर पोटात तशीच राहते, हेही तेव्हाच सांगा. गाय घरात असलेल्या लेकराला याहून जास्त सांगावं लागत नाही.

आणि चूल पेटवायला पन्नी वापरत असाल तर ते आजच थांबवा. तो धूर विषारी असतो आणि चुलीजवळ बहुधा लहानीच बसलेली असते. पेटवणीला वाळलेली सणकाडी किंवा तुराटीचा भुगा पुरतो. तो गोळा करायचं काम मुलाकडे द्या.