पूरपट्ट्यात नव्यानं काम करतोयस तर

गावातला पाऊस बघून अंदाज बांधू नकोस. सांगलीत लख्ख ऊन असतं आणि तिकडं कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग वाढलेला असतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघत जा: 40 फूट इशारा, 45 धोका. 2019 ला ती 57 च्या वर गेली होती.

पण नुसते आकडे ऐकून कुणी घर सोडत नाही. दावणीला म्हैस आहे तोवर माणूस हलत नाही, म्हणून आधी उंचावर जनावरांची जागा आणि वैरण ठरव. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका, भाडेकरू (हे नेहमी राहून जातात) यांची यादी मे महिन्यातच कर. नावेच्या भरवशावर थांबू नकोस. त्याच 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावाला माणसं भरलेली नाव उलटली होती. रस्ता कोरडा आहे तोवरच ट्रॅक्टर लाव. बैठकांचे फोटो मागाहून पाठवलेस तरी चालतील.