भाड्याच्या डीव्हीडीवरून ऑनलाइन सिनेमाकडे: ग्राहकाला काय मिळाले?

अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने घेणाऱ्या आपल्या वर्गणीदारांना नेटफ्लिक्सने ऑनलाइन सिनेमे खुले केले, तेव्हा त्यांचा निव्वळ फायदाच झाला ना, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: सोय वाढली, पण निवड आकसली. जानेवारी 2007 मध्ये ही सोय जादा पैसे न घेता सुरू झाली, तेव्हा टपालाने सुमारे 70,000 शीर्षके मिळत होती आणि संगणकावर जेमतेम हजार. शिवाय 5.99 डॉलरच्या वर्गणीत महिन्याला सहाच तास पाहता येत असे. अमेरिकेत विकत घेतलेली डिस्क निर्मात्याला न विचारता भाड्याने देता येते; ऑनलाइन दाखवायला मात्र प्रत्येक चित्रपटाचा परवाना लागतो आणि त्याची मुदत संपली की चित्रपट यादीतून जातो.

परभणीत माझी डीव्हीडी लायब्ररी होती. आपल्या कायद्यात भाड्याने देण्याचा हक्कही हक्कधारकाकडेच असतो, म्हणून जास्त पैसे मोजून मी रेंटलची परवानगी असलेल्याच डिस्क आणत असे. परत आलेली प्रत्येक डिस्क उजेडात तिरपी धरून पाहायची, मऊ फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायची आणि मगच कव्हरमध्ये घालायची, हा माझा नेम होता. सेलू-जिंतूरची मंडळी बाजारहाटाला आली की भारनियमनाची वेळ विचारून डिस्क नेत.

आमचे दाजी तेव्हापासून म्हणत, “आता सगळं नेटवर मिळणार, ही कपाटं भंगारात घाला.” सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर गिऱ्हाईक खरोखरच तुटले आणि मी दुकान बंद केले; कपाटे मात्र घरी आणली. पुढे एका दिवाळीत दाजींच्या आईंना एक जुना कृष्णधवल तमाशापट पाहावासा वाटला. दाजींनी वर्गणी भरलेली सगळी ॲप धुंडाळली, कुठेच तो नव्हता. शेवटी यूट्यूबवर सापडला, पण त्यातली गवळण कापलेली आणि नायिकेच्या चेहऱ्यावर कुणाचा तरी शिक्का. आईंनी गवळण कुठे गेली म्हणून विचारले, तेव्हा माझ्या कपाटातली डिस्क लावली आणि त्यांनी ती गवळण दोनदा पाहिली. दाजी आजही हा अपवाद म्हणतात. मला तो अपवाद वाटत नाही, कारण जुन्या मराठी चित्रपटांबाबत मी हेच वारंवार पाहिले आहे.

अर्थात ज्या गावात कधी लायब्ररीच नव्हती, तिथल्या माणसाला मोबाइलवरचा सिनेमा हा मोठाच लाभ आहे, हे मान्य करायला हवे. डिस्कही कायम टिकत नाहीत आणि नेटफ्लिक्सची टपाल सेवाही 29 सप्टेंबर 2023 रोजी बंद झाली. आपण वर्गणी जरूर भरा. मात्र घरात डिस्क असतील तर त्या उभ्या ठेवा, प्लेअर अधूनमधून चालवत राहा आणि कुणी दाजी भंगारवाल्याला बोलवू लागले, तर आधी डिस्कची यादी करून त्यातले किती चित्रपट ॲपवर अखंड मिळतात, हे त्यांनाच शोधून दाखवायला सांगा.