रीलोडिंग प्रेसचा (रिकामी काडतुसं पुन्हा भरायच्या यंत्राचा) रॅम, म्हणजे वर-खाली होणारा दांडा, जड चालतोय, तेल घालू की ग्रीस?

दोन्ही, पण जागा वेगळ्या. रॅमला हलकं मशीन ऑइल, हँडल आणि रॅम जोडणाऱ्या लिंकेजच्या पिनांना ग्रीस. त्याआधी सफाई, कारण रॅम जड होतो तो बहुधा वापरलेल्या प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) काजळीने. ती खरखरीत असते. तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी रॅम घासत राहते.

हँडल ओढून रॅम वर आणा, सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसा, कोरडा करा, मग दोन-तीन थेंब तेल. चार-सहा वेळा हँडल मारा आणि वर आलेलं काळं तेल टिपून घ्या. ओघळ दिसला तर तेल जास्त झालं. फुंकर मात्र मारू नका, काजळीत शिसं असतं. नंतर हात साबणाने धुवा. हो, आणि तेलाची बाटली उघडण्याआधी प्रायमर आणि काडतुसात भरायची पावडर टेबलावरून हलवा. तेल लागलेला प्रायमर उडेलच याचा भरवसा नाही.