नाशिकजवळ डांबर प्लांट (रस्त्यासाठी खडी-डांबराचे मिश्रण बनवणारा) टाकायचा आहे: बॅच मिक्स घ्यावा की ड्रम मिक्स?

आपण महामार्गाची कामे घेणार असाल, तर बॅच मिक्सच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात तापलेली खडी चाळून आकारानुसार वेगळी होते आणि प्रत्येक घाण्याला खडी, भुकटी व डांबर वजन करून पडते. त्यामुळे खाणीतून आलेल्या खडीत थोडा फरक असला, तरी मिश्रण बिघडत नाही. ड्रम मिक्समध्ये खडी वाळणे व डांबरात घोळणे अखंड चालते आणि चाळणी नसल्याने सारी भिस्त थंड खडीच्या हॉपरवर, म्हणजे खडी मोजून सोडणाऱ्या डब्यांवर राहते. तो स्वस्त असून ग्रामीण रस्त्यांना पुरतो. मात्र इगतपुरी-त्र्यंबककडील पावसात भिजलेली खडी दोन्हींत इंधन खाते, म्हणून ढिगाऱ्यांवर पत्र्याची शेड अवश्य घालावी.