वाचकांचे प्रश्न : कोलंबाइनचा गोळीबार

प्रश्न : कोलंबाइनमध्ये पोलीस दाराशी असूनही जखमी शिक्षक का दगावले? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : 20 एप्रिल 1999, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली कोलंबाइन ही शाळा. गोळीबार 11:19 ला सुरू झाला. दोन्ही हल्लेखोर विद्यार्थ्यांनी 12:08 च्या सुमारास आत्महत्या केली. पण तेव्हाची पद्धत होती शाळेला वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहण्याची. मुलांनी अंगातले शर्ट काढून सरांच्या जखमांवर दाबले, 'एक जण रक्तस्रावाने मरतोय' असा फलक खिडकीत लावला. पथक पोहोचायला तीन तासांहून अधिक लागले. त्या दिवशी 12 विद्यार्थी आणि हे शिक्षक गेले. त्यानंतर पद्धत बदलली : पहिले पोचलेले पोलीस थेट आत शिरतात.

मदत येईपर्यंत आपण काय करायचं? हातापायातून रक्ताची धार लागली तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून टूर्निके (रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा) बांधा आणि रक्त थांबेपर्यंत आवळा. अर्धवट आवळला तर शीर दबते, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव वाढतो. वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांशिवाय सोडू नका. छाती-पोटावर तो चालत नाही.

प्रश्न : हल्लेखोर छळाला कंटाळले होते ना?

उत्तर : एवढ्यावर भागत नाही. कट सुमारे वर्षभर शिजत होता, मारले गेलेले निवडून मारलेले नव्हते. अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने 37 शाळाहल्ले तपासले. बहुतेकांत कुणाला तरी आधी कुणकुण होती. म्हणून मूल असं काही बोललं तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. हल्लेखोरांची नावं आम्ही मुद्दाम छापलेली नाहीत.